‘पप्पा, गेटपर्यंत येऊ नका’

पत्राचा सारांश : हे पत्र कोल्हापुरातील एका दूध व्यावसायिकाचे आहे. घरच्या म्हशी आहेत आणि सकाळ-संध्याकाळ शहरातल्या एका कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून ते दूध देतात. (कट्टा कोणता, हे मुद्दाम लिहीत नाही.) बारा वर्षांचा मुलगा शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांमधून एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीला लागला. आता तो सातवीत आहे. जूनपासून तो वडिलांना शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच गाडी थांबवायला सांगतो. पालकसभेची चिठ्ठी त्याने दप्तराच्या तळाशी दडवून ठेवली होती, ती सभा होऊन गेल्यावर सापडली. दिवाळीत म्हशी सजवून पळवतात, तेव्हा दरवर्षी शिंगे रंगवणारा हा मुलगा यंदा अभ्यासाचे निमित्त सांगून घरात बसला. त्याच शाळेत शिकणाऱ्या चुलतबहिणीकडून कळले की वर्गातली काही मुले त्याला पाहून हंबरतात. वडील लिहितात, ‘पोरगं शेणातून बाहेर पडावं म्हणून एवढ्या मोठ्या शाळेत घातलं आणि आता त्याला बापाचीच लाज वाटायला लागली.’ आजोबांच्या मते त्याला तिथून काढून महापालिकेच्या शाळेत घालावे आणि रोज पहाटे कट्ट्यावर न्यावे, म्हणजे तो ताळ्यावर येईल. आईचे म्हणणे, वय आहे, दुर्लक्ष करा. शाळा बदलू, त्याला धंद्यात घालू की गप्प बसू, असा वडिलांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दुखावलेला बाप ओळीओळीत दिसतो, आणि ते दुखणे खरे आहे. तरीही तुम्ही ज्या चार गोष्टी एका माळेत ओवल्या आहेत, त्या मला एका माळेतल्या वाटत नाहीत. कोपऱ्यावर उतरणे, चिठ्ठी दडवणे, दिवाळीला बाहेर न पडणे आणि वर्गातले हंबरणे या चारही गोष्टींचा अर्थ तुम्ही ‘बापाची लाज’ असा लावून मोकळे झाला आहात. त्या सुट्या करून पाहिल्या, तर काही ठिकाणी तुम्हाला काहीच करावे लागणार नाही आणि काही ठिकाणी, आई म्हणतात तसे दुर्लक्ष करून मुळीच चालणार नाही.

कोपऱ्याचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो. बाराव्या-तेराव्या वर्षी बहुतेक मुलांना चारचौघांत आईवडील नकोसे होतात. मोटारीतून येणाऱ्या मुलीलाही आईने काच खाली करून ‘डबा संपव गं’ असे ओरडलेले खपत नाही. शिक्षकांच्या मुलांची अवस्था तर सर्वांत बिकट, कारण त्यांचे आईवडील गेटच्या आतच असतात. तुमचा मुलगा तुमच्या गाडीवर बसायला नाही म्हणत नाही. किटल्या अडकवलेल्या त्याच गाडीवरून तो तुमच्यामागे बसून अर्धे शहर पार करतो आणि शेवटचे शंभर-दीडशे पावलांचे अंतर तेवढे स्वतःसाठी मागतो. ते त्याला देऊन टाका. फक्त ते देताना ‘साहेबांना कुठं उतरवायचं?’ असे विचारू नका. असा टोमणा मोठ्यांना गंमत वाटतो, मुलाच्या मनात तो दिवसभर सलत राहतो.

हंबरण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिला चेष्टामस्करी म्हणून सोडून देऊ नये. एखाद्या मुलाला त्याच्या घरच्या कामावरून रोज, अनेकांनी मिळून, ठरवून खिजवणे हा छळ आहे, आणि तो थांबवण्याची जबाबदारी मुलाची नसून मोठ्यांची आहे. आता पुन्हा त्या चिठ्ठीकडे पाहा. वर्गात जे चालते ते तुमच्या कानांवर पडू नये, तुम्ही मैदानातून चालत जाताना तुमच्यामागे कोणी तो आवाज काढू नये, यासाठी मुलाने ती दडवली असण्याची शक्यता तुम्ही विचारातच घेतलेली नाही. मला ती शक्यता बरीच मोठी वाटते. आईवडिलांचा अपमान डोळ्यांदेखत होऊ नये म्हणून मुले किती उलटसुलट उद्योग करतात, हे या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून सतत दिसते. अर्थात हा माझा अंदाज आहे. खरे काय ते तुमचा मुलगाच सांगू शकेल.

तो सांगेल कसा, हा पुढचा प्रश्न. समोर बसवून ‘कोण त्रास देतं, नावं सांग’ असे विचारले तर तो गप्प होईल. हे तुम्हाला मी सांगावे असे नाही. आरडाओरडा झाला, अनोळखी माणूस जवळ आला की म्हैस पान्हा चोरते आणि मग कितीही ओढले तरी चरवीत थेंब पडत नाही, हे तुम्ही रोज पाहता. तेव्हा दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असताना बोला. गाडीचा पंक्चर काढून आणायला जाताना, वैरणीच्या पेंढ्या उतरवताना, रात्री उधारीच्या वहीत आकडे चढवताना. सुरुवात प्रश्नाने न करता माहितीने करा : ‘वर्गात काही पोरं आवाज काढतात, असं माझ्या कानांवर आलंय. तुझं काही चुकलेलं नाही. मी शाळेत जाऊन भांडणार नाही, पण हे थांबायला पाहिजे. कसं थांबवायचं ते आपण दोघं ठरवू.’ एवढे बोलून थांबा. तो त्या दिवशी काही बोलला नाही तरी चालेल. चुलतबहिणीचे नाव मात्र काढू नका, नाहीतर घरात बोलण्याची ती एक वाटही बंद होईल.

त्यानंतर वर्गशिक्षकांना भेटा. शाळा सुटल्यावर, वेळ मागून, मुलाला आधी सांगून. त्यांना काय मागायचे हे जाण्यापूर्वी ठरवा : त्रास देणाऱ्या मुलांशी त्यांनी एकेकट्याने बोलावे, बसण्याची जागा बदलावी, मधल्या सुट्टीत आणि तास बदलताना वर्गावर लक्ष ठेवावे, आणि पंधरवड्याने तुम्हाला पुन्हा भेटीची वेळ द्यावी. काय नको तेही स्पष्ट सांगा. सद्भावनेने भारावलेले शिक्षक अशा वेळी वर्गापुढे श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देतात आणि त्या मुलाला उभे करून ‘सांग बरं, तुझे बाबा किती वाजता उठतात’ असे विचारतात. त्याहून मोठी शिक्षा नाही. तुमच्या मुलाला वर्गात उदाहरण व्हायचे नाही, त्याला इतरांसारखे बाकावर बसायचे आहे.

राखीव जागेतून प्रवेश मिळाल्यामुळे शाळेपुढे आपला आवाज थोडा खालीच असावा, असा सूर तुमच्या पत्रात एके ठिकाणी लागला आहे. तो सोडा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हा प्रवेश मुलाचा हक्क म्हणून दिलेला आहे, शाळेची मेहेरबानी म्हणून नव्हे. या मुलांना वर्गात वेगळे बसवता येत नाही, ग्रंथालय, खेळ किंवा इतर उपक्रमांत त्यांच्याशी वेगळे वागता येत नाही, आणि त्याच कायद्याच्या कलम १७ ने कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास किंवा त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. शाळेतील मोठी माणसेच ‘ती आरटीईची मुलं’ असा उल्लेख करत असतील, तर तोंडी बोलून न थांबता मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तरीही काही हालचाल झाली नाही, तर शिक्षण विभागाकडे जाता येते. कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले ते १९१७ साली, आणि त्याच्याही आधी, १९०१ पासून, खेड्यांतल्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून इथे बोर्डिंगे उभी राहू लागली होती. प्रवेशाचा आणि राहण्याजेवण्याचा प्रश्न शाहू महाराजांनी अशा रीतीने हातावेगळा केला; वर्गाच्या आत मुलाला बरोबरीने बसता येण्याचा प्रश्न आपल्या काळात अजून शिल्लक आहे आणि तो आपणच, अर्ज लिहून आणि भेटीगाठी घेऊन, सोडवायचा आहे.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट इथेच सांगतो, कारण तुमच्यासारख्या घरांत ती बोलायला जड जाते. गोठा घराला लागून असेल, तर सरकी पेंडीचा, ओल्या वैरणीचा आणि शेणाचा वास सुती कपड्यांत आणि कापडी दप्तरात बसतो. तुमच्या नाकाला तो कळणार नाही, शेजारच्या बाकाला कळेल. गणवेश आतल्या खोलीत, बंद कपाटात ठेवावा, गोठ्याकडच्या दोरीवर वाळत घालू नये, दप्तर ओसरीवर टाकू नये, आणि मुलाला सोडायला निघताना गाडीचे सीट ओल्या फडक्याने पुसून अंगातला धारेचा सदरा बदलावा. हे कोणतीही घोषणा न करता, घराची नवी शिस्त म्हणून सर्वांसाठी करा. ‘तुला वास येतो ना आमचा, म्हणून हे’ असे म्हणालात की केलेले सगळे वाया गेले. आणि एवढे करून खिजवणे थांबेल असेही समजू नका. एकदा नाव पडले की अत्तर लावून गेलेल्या मुलालाही मुले तेच नाव ठेवतात. फक्त मुलाला स्वतःविषयी जी धाकधूक वाटते, ती यामुळे थोडी कमी होईल.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो, त्याविषयी. ‘पोरगं शेणातून बाहेर पडावं म्हणून’ असे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा या पत्रात लिहिलेत असे मला वाटत नाही. पहिलीला प्रवेश घेतला तेव्हा ते नातेवाइकांना सांगितले असेल, गुण कमी पडले तेव्हा मुलाला सांगितले असेल, ‘शीक, नाहीतर शेणात हात घालावा लागंल’ या स्वरूपात तर ते आपल्याकडे घरोघरी बोलले जाते. सात वर्षे मुलाने ते ऐकले. वडील ज्या कामात आहेत ते काम म्हणजे ज्यातून सुटायचे अशी जागा, हे त्याला वर्गातल्या मुलांच्याही आधी घराने शिकवले आहे. तुम्ही ते प्रेमापोटी आणि त्याच्या भल्यासाठी शिकवलेत, यात शंका नाही. पण ज्या गोष्टीपासून दूर जाण्यासाठी त्याला शाळेत घातले, तिच्यापासून तो दूर जाऊ लागल्यावर तोच कृतघ्न कसा ठरतो? तो तुमचे ऐकतो आहे. जरा जास्तच मन लावून ऐकतो आहे, इतकेच.

त्यामुळे त्याच्याकडून अभिमानाची मागणी करू नका. ‘माझ्या कामाचा अभिमान बाळग’ असे सांगून तो येत नाही, आणि ‘तुझ्यासाठी मी पहाटे तीनला उठतो’ हे ऐकून तर मुलाच्या मनात अभिमानाऐवजी कर्जाची भावना तयार होते. तुम्हाला बदलता येईल ते तुमचे स्वतःचे बोलणे. तुम्ही कामाविषयी घरात बोलता तेव्हा काय बोलता? बहुधा पेंडीचा दर, उधारी, पाठदुखी आणि पावसाळा. हे सगळे खरेच आहे. पण तुम्हाला जे कळते ते मुलाच्या कानांवर कधी पडते का? पंढरपुरी म्हैस दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे दूध देते म्हणून कट्ट्यावर ती सोयीची; तिची ती तलवारीसारखी लांब शिंगे गर्दीच्या रस्त्यावरून कशी सांभाळून न्यायची; कोणती म्हैस कोणाच्या हाताला पान्हा सोडते आणि कोणती सोडत नाही; गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढायची म्हणजे भेसळीला जागाच ठेवायची नाही. हे ज्ञान आहे, आणि सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा ते हलके नाही. ते व्याख्यान म्हणून सांगू नका. आजोबांशी, गिऱ्हाइकांशी, डॉक्टरांशी बोलताना ते सहज निघू द्या आणि मुलगा तिथे असू द्या. महिन्याचा हिशेब त्याच्यापुढे मांडा, बेरीज-वजाबाकी त्याला करू द्या. बाप राबतो हे त्याला ठाऊक आहे. बापाला डोके चालवावे लागते हे त्याला अजून दिसलेले नसेल.

आजोबांचा उपाय मला पटत नाही, हे त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. पहाटे सक्तीने कट्ट्यावर नेले तर ते काम त्याच्या दृष्टीने शिक्षा ठरेल, आणि शिक्षा म्हणून दिलेल्या कामाचे प्रेम कोणाला वाटलेले मी पाहिले नाही. बारा वर्षांच्या मुलाची झोपही महत्त्वाची आहे. घरच्या कामातला लहानसा वाटा त्याच्याकडे जरूर असावा, जसा प्रत्येक घरातल्या मुलाकडे असतो : रविवारी रेडकाला पाणी दाखवणे, वहीतल्या नोंदी करणे. दिवाळीचेही तसेच. सागरमाळावर किंवा पंचगंगेच्या घाटावर सजवलेल्या म्हशी घेऊन माणसे येतात तेव्हा शहर बघायला लोटते. त्या गर्दीत आपल्या वर्गातले कोणी भेटेल, या भीतीने तो आला नसेल. पुढच्या वर्षी रंगाचे डबे आणि ब्रश त्याच्यासाठी आणून ठेवा, शिंगे आदल्या रात्री घरीच रंगवायची असतात, ती त्याला रंगवू द्या. मिरवणुकीला यायचे की नाही ते त्याच्यावर सोडा.

शाळा बदलण्याविषयी. आजोबा महापालिकेच्या शाळेचे नाव धाक म्हणून घेतात, ते चुकीचे आहे. याच शहरात जरगनगरातल्या महापालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक रांगा लावतात. शाळा म्हणून ती उणी नाही, प्रश्न वेळेचा आणि कारणाचा आहे. छळ चालू असताना शाळा बदलली तर ‘पळून आलो’ ही भावना मुलासोबत नव्या वर्गात जाते आणि हंबरणारी मुले आहेत तिथेच राहतात. शिवाय तुमची जागा एकदा सोडली की ती परत मिळत नाही. राखीव प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच होतात, मध्येच सातवी-आठवीला होत नाहीत. मात्र ही सवलत आठवी संपेपर्यंतच आहे. नववीपासून त्या शाळेचे शुल्क तुम्हाला भरावे लागेल, आणि ते किती आहे याची चौकशी तुम्ही अजून केलेली दिसत नाही. ती आता करा. शुल्क झेपणारे नसेल, तर आठवीच्या वर्षात मराठी शाळांमधले सेमी इंग्रजीचे वर्ग पाहून घ्या. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच असते, त्यामुळे त्याला फार जड जाणार नाही. इतिहास-भूगोलाच्या मराठी पुस्तकांची सवय मात्र आधीपासून करावी लागेल. तेव्हा शाळा बदललीच, तर तो शांतपणे, मुलाला विचारून, पैशांचा आणि अभ्यासाचा विचार करून घेतलेला निर्णय असेल. रागाच्या भरात त्याला ताळ्यावर आणण्यासाठी घेतलेला नसेल.

काही खुणांवर मात्र लक्ष ठेवा. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणे आणि रविवारी न दुखणे, जेवण तुटणे, एकदम गुण घसरणे, आवडता खेळ सोडणे, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा. यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नका. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, आणि मुलांसाठीची १०९८ ही सेवा मुलगा स्वतःही वापरू शकतो.

हे पत्र वाचणाऱ्यांत भाजीच्या गाडीवर, रिक्षावर, दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्यांवर संसार चालवणारे आणि मुलाला मोठ्या शाळेत घालणारे पालक असतील. त्यांना यातले बरेचसे लागू पडेल. पण हंबरणाऱ्या मुलांचे पालकही हे वाचत असतील, आणि त्यांच्याशी मला अधिक बोलायचे आहे. ती मुले वाईट नसतात, बहुतेक वेळा ती घरचे ऐकून बोलतात. दारात दूध घालणाऱ्या माणसाला आपण काय म्हणून हाक मारतो, त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी काय बोलतो, ‘अभ्यास कर, नाहीतर म्हशी राखायला जाशील’ असे आपण किती सहज म्हणतो, हे आज जेवताना आठवून पाहा. आपल्या मुलाच्या वर्गात असे कोणी आहे का, हे त्याला विचारा. असेल आणि आपले मूल त्या आवाजात सामील असेल, तर फटका मारू नका. त्याने त्या मुलाची एकट्यात, कोणी पाहत नसताना, माफी मागावी, आणि पुढच्या आठवड्यात काय घडले ते तुम्ही विचारावे.

शेवटी पालकसभेविषयी, कारण दुसऱ्या सत्राची सभा आता जवळ आली असेल. या वेळी चिठ्ठीची वाट पाहू नका, तारीख शाळेकडूनच विचारून घ्या आणि त्या दिवशीची संध्याकाळची धार भावाकडे किंवा घरच्या कोणाकडे सोपवा. मुलाला आदल्या दिवशी सांगा की तुम्ही जाणार आहात. मागच्या चिठ्ठीचा हिशेब त्या वेळी काढू नका, फक्त पुढची मिळाली पाहिजे एवढे सांगा. ‘सरांशी मी काय बोलावं आणि काय बोलू नये, ते तू सांग,’ असे त्याला विचारा आणि तो सांगेल ते पाळा. त्याच्या आईंनाही बरोबर न्या. पत्रात त्यांचे एकच वाक्य आहे. घरात त्यांना याहून बरेच काही ठाऊक असावे.